रजिस्टरवरची माझी सही

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



'ग्रामीण भागातील नेतृत्वाचं शिक्षण आणि नागरी संवाद' असा विषय मला देण्यात आला आहे. विषय भारदस्त आहे. मी पडलो कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी.ए., तेही मराठी घेऊन. नोकरी मिळाली नाही म्हणून एस.टी. स्टँडसमोर वह्या-पुस्तकांचं दुकान टाकलं, ते अजून चालू आहे. 'नेतृत्व' हा शब्द आमच्या सोलापूरकडच्या खेड्यांत बहुतेक वेळा वाढदिवसाच्या फ्लेक्सवर भेटतो. म्हणून मी सुरुवात मला नीट ठाऊक असलेल्या एका लहान गोष्टीपासून करतो. ती गोष्ट म्हणजे माझी स्वतःची एक सही.

१९९८ सालचा ऑगस्ट महिना. झेंडावंदन होऊन चार-पाच दिवस झाले होते. ग्रामपंचायतीचा शिपाई काखेत रजिस्टर मारून दुकानात आला. म्हणाला, "मुलाणी, ग्रामसभेची सही ऱ्हायलीय तुमची." मी ग्रामसभेला गेलोच नव्हतो. १५ ऑगस्टला झेंडावंदन झालं, पोरांना गोळ्या वाटल्या, 'ग्रामसभा आहे, थांबा' असं लाऊडस्पीकरवर कुणीतरी म्हणालं आणि माणसं पांगली. मीही दुकान उघडायला आलो होतो. आता समोर गिऱ्हाईक होतं. सुटे पैसे मोजता मोजता मी सही केली. वर काय लिहिलंय ते वाचलं नाही. खरं सांगायचं तर वर फारसं काही लिहिलेलंच नव्हतं, असं मला पुसटसं आठवतं. निम्मं पान कोरं होतं.

दिवाळीनंतर गावात नळाच्या पाइपलाइनचं काम निघालं. चर खणत खणत मजूर पेठेतून देवळाकडे गेले, देवळापासून वरच्या आळीत गेले आणि तिथंच थांबले. खालच्या अंगाला आमची मुलाणी-पिंजाऱ्यांची गल्ली, तिच्या पलीकडे मातंग वस्ती. तिथवर नळ येणार नव्हता. लोक विचारायला गेले तेव्हा त्यांना ठराव दाखवण्यात आला. ग्रामसभेचा ठराव, सर्वानुमते मंजूर. खाली सह्या. त्यांत माझी.

दुसऱ्या दिवशी मातंग वस्तीतली एक म्हातारी दुकानाच्या पायरीवर येऊन बसली. चार-पाच वर्षांपूर्वी साक्षरता अभियानात मी तिला अक्षरं शिकवायला जात होतो. शिकलं की कुणी फसवत नाही, अशा अर्थाची गाणी रचून डफावर म्हणत होतो. माझ्या कवितेची सुरुवातच त्या गाण्यांतून झाली. म्हातारी रागावली नाही. "तू तर लिव्हनारा मानूस, लेकरा. तुझी बी सही हाय म्हनं," एवढं म्हणाली आणि उठून गेली.

मी कवितेखाली अनेकदा नाव लिहिलंय. त्या नावानं कुणाचं भलं झालं असेल, नसेल. पण माझ्या नावानं कुणाचं एवढं सरळ नुकसान केलं असेल तर ते त्या पानावर.

आता त्या पानाला इतकं वजन कशामुळे आलं, ते सांगतो. आपल्या राज्यात १९५८च्या ग्रामपंचायत कायद्यात ग्रामसभा होतीच. पण ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ला अमलात आली आणि ग्रामसभेला राज्यघटनेत जागा मिळाली. गावच्या मतदारयादीत ज्याचं नाव आहे तो प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य. सरपंचाला निवडून यावं लागतं, आमदाराला यावं लागतं. ग्रामसभेच्या सदस्याला यावं लागत नाही. तो असतोच. त्याला अविश्वास ठराव आणून कुणी काढू शकत नाही. इतकं पक्कं पद दुसरं नाही, आणि इतकं रिकामं राहणारंही दुसरं नाही.

गणपूर्तीचा नियम सोपा आहे. मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यांपैकी जो आकडा लहान असेल तेवढी हजर पाहिजेत. तेवढी आली नाहीत तर सभा तहकूब. आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणपूर्तीची अट राहत नाही. कायदा करणाऱ्यांचा हेतू चांगला असेल, काम अडू नये असा. पण आमच्याकडे या सवलतीची वाट झाली. आधी सभा पडू द्यायची, मग सात-आठ माणसांत उरकायची, मग सह्यांसाठी रजिस्टर गावातून फिरवायचं. यात कुणाचा फार मोठा कट होता असं मी म्हणत नाही. आमच्यासारखे सही करणारे होते, म्हणून ते चाललं.

माणसं ग्रामसभेला येत का नाहीत? मजुराचा दिवस बुडतो, हे एक. बायकांनी पुरुषांच्या गर्दीत कुठं बसायचं, हे दुसरं. पण माझ्या मते मोठं कारण वेगळंच आहे. आमच्याकडे कुणी प्रश्न विचारला की आधी तो कोणत्या पार्टीचा ते बघतात, प्रश्न नंतर. आणि ज्याला पार्टी नाही त्याला भीती असते ती आपलं अज्ञान उघडं पडण्याची. 'चौदावा वित्त आयोग', 'तांत्रिक मंजुरी', 'अखर्चित निधी' असले शब्द कानावर आले की चांगला शिकलेला माणूसही गप्प बसतो. मीही बसत होतो.

२००२ साली आमच्या घरातच सरपंचपद आलं. महिलांच्या राखीव जागेवर माझी थोरली भाभी आधी सदस्य झाली, मग दोन गटांच्या रस्सीखेचीत कुणालाच न दुखावणारं नाव म्हणून सरपंच झाली. तेव्हा सरपंच सदस्यांतून निवडला जायचा. पुढे २०१७ला थेट जनतेतून निवड आली, २०२०ला ती गेली, २०२२ला पुन्हा आली, ते असो. मुलाणी हे जुन्या गावगाड्यातलं बलुतं. आमच्या आजोबांना गावानं सुगीत धान्य दिलं, मान दिला, पण चावडीवर बसायला जागा दिली ती पायरीवर. त्या घरची सून खुर्चीवर बसणार होती. भाई, म्हणजे माझे थोरले बंधू, तिच्याहून जास्त खूश होते, कारण कारभार आपणच बघायचा असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

पहिल्याच महिन्यात भाऊसाहेब घरी कागद घेऊन आले. भाऊसाहेब म्हणजे ग्रामसेवक. २०२४पासून त्या पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे, पण गाव अजून भाऊसाहेबच म्हणतं. भाईंनी पेन काढून भाभीच्या हातात दिलं. भाभी चौथी शिकलेली. तिनं पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "पहले पढके सुना. तेरे सरीकी सही मैं नै करती."

तो टोमणा भाऊसाहेबांना कळला नाही. मला कळला.

पुढे तिला तालुक्याला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला बोलावलं. घटनादुरुस्तीनंतर नव्या सदस्यांना, विशेषतः पहिल्यांदाच घराबाहेर पडलेल्या बायकांना, शिकवण्याची गरज सरकारला पटली होती. पुण्याची यशदा ही संस्था, जिल्हा परिषदा, स्वयंसेवी संस्था अशा सगळ्यांनी मिळून हे काम उभं केलं, आणि ते गरजेचं होतं. पण आमच्या तालुक्यात त्या वेळी झालं ते असं : सभागृहात पुढं सरपंच बायका, मागं त्यांचे नवरे, व्यासपीठावर पडद्यावर आकृत्या. वरपासून खालपर्यंत अधिकाऱ्यांची उतरंड, बाण, चौकोन. दुपारी जेवण, संध्याकाळी प्रमाणपत्र. भाभीला विचारलं, काय शिकलीस? म्हणाली, आकृत्या काही कळल्या नाहीत. पण जेवताना शेजारी धनगराची एक सरपंच बाई बसली होती. तिनं सांगितलं, खुर्चीत बसल्यावर नवऱ्याकडे बघायचं नाही, नाही तर सगळेच त्याच्याकडे बघतात. दोन दिवसांतलं तेवढं शिक्षण तिला पाच वर्षं पुरलं.

नेतृत्वाचं शिक्षण महाराष्ट्राला नवं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. तिथं मराठा, महार, मुसलमान, जैन, सगळ्या घरची पोरं एकत्र राहत. एकाच चुलीवर शिजलेलं एकाच पंगतीत खात, आणि पाण्यापासून शेतापर्यंतची कामंही वाटून घेत. त्यांच्या वेळापत्रकात 'नेतृत्व' नावाचा तास नव्हता. मला मराठी शिकवणारे गुरुजी त्याच संस्थेच्या शाळेत शिकलेले. ते म्हणायचे, भाकरी करपली तर ती कुणी करपवली हे सगळ्यांसमोर सांगावं लागायचं आणि करपलेली सगळ्यांनी खावी लागायची. त्यातून जे शिकलो ते पुस्तकात मिळालं नाही. पडद्यावरच्या आकृत्यांत ही करपलेली भाकरी नसते.

२००३च्या जानेवारीत एका कविसंमेलनासाठी मी गडचिरोलीला गेलो. तिथल्या एका मित्रानं मला धानोरा तालुक्यातल्या मेंढा गावी नेलं. लेखा गावाला लागून असलेलं म्हणून त्याला मेंढा-लेखा म्हणतात. गोंडांचं गाव, शंभरेक घरांच्या आतलं. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तुम्ही ऐकली असेल, ती या गावाची. देवाजी तोफा हे तिथले कार्यकर्ते आणि मोहन हिराबाई हिरालाल हे त्यांच्यासोबत वर्षानुवर्षं बसलेले अभ्यासक. १९८४च्या सुमारास त्या भागात मोठ्या धरणांच्या विरोधात 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन झालं, त्यातून ही माणसं एकमेकांना भेटली.

मी गेलो तेव्हा चर्चा गोंडीत चालली होती. मला एक शब्द कळला नाही. पण मित्रानं जी व्यवस्था समजावून सांगितली ती डोक्यात बसली. तिथं दोन बैठका वेगळ्या आहेत. एक ग्रामसभा, तिथं निर्णय होतो, आणि तो बहुमतानं होत नाही, सर्वसहमतीनं होतो. एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुढे ढकलतात. दुसरा अभ्यासगट. तिथं निर्णय होतच नाही. तिथं फक्त समजून घ्यायचं. बाहेरचा जाणकार येऊ शकतो, अधिकारी येऊ शकतो, कुणीही विचारू शकतो. जंगलाचा कायदा काय आहे, बांबू कुणाचा, मध काढताना पोळं जाळावं लागतं का, अशा प्रश्नांचा कीस पाडायचा, आणि मग ग्रामसभेत आपापलं डोकं घेऊन जायचं.

मला ही गोष्ट फार मोठी वाटली. आपण गावात बोलायला बसतो तेच मुळी काहीतरी ठरवायला. ठरवायचं असलं की बाजू घ्यावी लागते, बाजू घेतली की कान बंद. जिथं काहीच ठरणार नाही तिथंच माणूस 'मला हे माहीत नाही' असं म्हणू शकतो. आणि ते म्हटल्याशिवाय शिक्षण सुरू होत नाही.

मेंढ्याचं पुढं काय झालं ते बऱ्याच जणांना माहीत असेल. २००६च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू वाहून नेण्याचा परवाना वनखात्याच्याच हातात होता. २७ एप्रिल २०११ला तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण त्या गावात आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हवाली झालं. २०१३ साली गावानं १९६४च्या ग्रामदान कायद्याचा आधार घेऊन आपली शेतजमीनही ग्रामसभेच्या नावे केली. एवढं सगळं अक्षरओळख बेताची असलेल्या माणसांनी कायद्याचा कागद वाचून-वाचवून घेऊन केलं.

पण मी भारावून परत आलो तरी एक शंका सोबत घेऊन आलो. मेंढा हे एका जमातीचं गाव. गरिबी-श्रीमंतीत फार अंतर नाही. आमच्या गावात बारा जाती, तीन गट, साखर कारखान्याचं राजकारण आणि भावकीच्या बांधावरच्या भांडणांचे कोर्टात पडलेले दावे. तिथं 'सर्वसहमती' हा शब्द उच्चारला की माझ्या अंगावर काटा येतो. आमच्या १९९८च्या ठरावातही 'सर्वानुमते' असंच लिहिलं होतं. जिथं बोलायची हिंमत सारखी नसते तिथं सर्वसहमती म्हणजे दुबळ्याचं मौन. म्हणून मेंढ्याची ग्रामसभा आमच्याकडे जशीच्या तशी उचलून आणता येणार नाही, असं माझं तेव्हाही मत होतं, आजही आहे. अभ्यासगट मात्र आणता येईल असं वाटलं. त्याला काही लागत नाही. एक खोली आणि एक कागद.

खोली माझ्या दुकानामागं होती. आमचा आठवडी बाजार गुरुवारी, म्हणून गुरुवार ठरला. पहिल्या दिवशी आलो आम्ही अकरा जण. गुरुजी, एक शिंपी, बचत गटाच्या दोन बायका, बी.कॉम. झालेला एक धनगराचा पोरगा, मातंग वस्तीतले तिघे, भाभी, मी, आणि भाभी काय करते ते बघायला आलेले भाई. दोन नियम केले. इथं ठराव करायचा नाही, आणि कागद समोर असल्याशिवाय बोलायचं नाही.

पहिला कागद ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रक. ते वाचायला आम्हाला चार गुरुवार लागले. ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी आणि १० टक्के महिला-बालकल्याणासाठी खर्च करायचे असतात, हे त्या खोलीतल्या अकरापैकी दोघांनाच माहीत होतं. १५ टक्क्यांच्या रकान्यात खर्च काय दाखवलाय ते बघितलं, तर रस्त्यावरचे दिवे. मातंग वस्तीत तेव्हा एकच दिवा होता आणि तो बहुधा बंदच असे. सगळे तापले. मग शिंप्यानं पुढचं पान उलटलं. थकबाकीदारांची यादी. घरपट्टी-पाणीपट्टी न भरलेले. अकरापैकी सात जण त्या यादीत होते. मी दोन वर्षांचा थकबाकीदार निघालो, सरपंचाचा दीर! त्या गुरुवारी आम्ही लवकर उठलो.

पण खरी गोष्ट झाली ती पावसाळ्यात. वरच्या आळीतल्या पाटलांचा मुलगा, शेतीचं शिक्षण घेऊन आलेला, एका गुरुवारी येऊन बसला. त्याच्या वडिलांच्याच गटानं तो पाइपलाइनचा ठराव केला होता. खोली एकदम थंड झाली. विषय पाइपलाइनचाच होता, समोर तिचा नकाशा होता. बराच वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, "एक इचारू का? ही टाकी हितं. खालची आळी उतारावर. नळ खाली नेला तर पानी सगळं तिकडंच जाईल का न्हाई? आमच्याकडं चढंल का?"

श्रोतेहो, पाच वर्षं आम्ही समजत होतो की जातीमुळं नळ अडवला. जात त्यात नव्हती असं मी आजही म्हणणार नाही. जात नसती तर त्यांनी आम्हाला बोलावून विचारलं असतं. पण तिच्या शेजारी ही एक साधी भीतीही होती. पाणी उताराकडे धावतं. टाकीची उंची बेताची. खालच्या नळांना जोर आला की वरचे नळ कोरडे. ही भीती त्यांनी ग्रामसभेत बोलून दाखवली नाही, कारण ती बोलली असती तर स्वार्थी दिसली असती. आणि आम्हीही विचारलं नाही, कारण उत्तर आम्हाला आधीच माहीत होतं.

त्या दिवशी खोलीत पहिल्यांदा 'व्हॉल्व्ह' हा शब्द उच्चारला गेला. देवळापाशी लाइन फुटते तिथं व्हॉल्व्ह टाकायचा, सकाळी खाली पाणी, संध्याकाळी वर. पाणी सोडणाऱ्या माणसाला बोलावून विचारलं. तो म्हणाला, हे तर मी तेव्हाच सांगितलं असतं, पण मला विचारलं कुणी?

हे ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात पुढं दीड वर्ष गेलं. वेळा कोणत्या यावर भांडणं झाली, कारण सकाळचं पाणी सगळ्यांनाच हवं. खर्चावर झाली. तोवर सरकारी पाणी योजनांत १० टक्के लोकवर्गणीची अट आली होती. ती कुणी किती भरायची यावर झाली. आमच्या गल्लीतल्या बायका घरात दखनी बोलतात, ग्रामसभेत मराठीत उभं राहून बोलायला लाजतात. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आहे, तिचा भाभीनं पुरेपूर उपयोग केला. २६ जानेवारी २००५च्या ग्रामसभेत विषय आला तेव्हा गणपूर्ती होऊन वर माणसं उभी होती. मतभेद होता, तो नोंदवला गेला. ठराव बहुमतानं झाला. 'सर्वानुमते' हा शब्द त्यात नव्हता, याचं मला बरं वाटलं.

पाणी २००६च्या उन्हाळ्यात आलं. पायरीवर येऊन बसलेली ती म्हातारी त्याआधी दोन वर्षं गेली होती.

आमच्या त्या गुरुवारांचं फार कौतुक करावं अशी स्थिती नाही. २००७ला तंटामुक्त गाव मोहीम आली, समिती झाली, आमच्यातले काही जण तिकडं गेले. काही जुने वाद मिटले, हे खरं. गावाच्या वेशीवर 'तंटामुक्त गाव' असा फलकही लागला, आणि त्याच फलकाखाली बसून पत्ते खेळताना भांडणं होऊ लागली, हेही खरं. मध्ये दोन-अडीच वर्षं खोलीला कुलूप होतं. मग हातात फोन आले. आता तर गावाचे पाच ग्रुप आहेत. प्रत्येक आळीचा वेगळा. त्यामुळे जो तो आपल्याच माणसांशी बोलतो आणि गाव आपल्याशी सहमत आहे असं समजतो.

२०१८ साली आमच्या गल्लीतल्या एका पोरानं फोनवर एक चित्र लावलं. कुठून तरी आलेलं. तासाभरात ते वरच्या आळीच्या ग्रुपवर, दोन तासांत शेजारच्या गावात. दुपारी बाजारपेठेची शटरं खाली आली. मी दुकान बंद करून आत बसलो होतो. भिऊन बसलो होतो, हे कबूल करतो. चाळीस वर्षं ज्यांच्या पोरांना वह्या विकल्या त्यांच्या पावलांचा आवाज मला त्या दिवशी ओळखू येत नव्हता.

मागच्या दारावर थाप पडली. पाटलांचा तो मुलगा, आता चाळिशीला आलेला, आणि त्याच्यासोबत मातंग वस्तीतले दोघे. म्हणाला, "चला काका, खोली उघडा." त्या खोलीत संध्याकाळपर्यंत वीसेक माणसं बसली. पोराला त्याच्या बापानं आणलं. आवाज चढले. कुणी कुणाच्या गळ्यात पडलं वगैरे झालं नाही. असलं सिनेमात होतं. पण एकानं म्हटलं, इथं कागद समोर असल्याशिवाय बोलायचं नाही असा नियम होता ना? मग चित्र सगळ्यांनी बघितलं. कुठून आलं ते मागं मागं शोधत गेले. ते आमच्या तालुक्यातलंही नव्हतं. रात्री सगळे मिळून दोन्ही आळ्यांत घरोघर गेले. पोलिसांना बोलावलं होतं, तेही आले, बसले, चहा घेतला.

मी नंतर पुष्कळ विचार केला की त्या दिवशी ती माणसं माझ्या दारात का आली. बंधुभावाची व्याख्यानं गावात अधूनमधून होतात, त्यांचा परिणाम झाला असेलही. पण मला वाटतं, त्यांना माझा आवाज माहीत होता. पाण्यावरून, घरपट्टीवरून, व्हॉल्व्हच्या वेळेवरून आम्ही वर्षानुवर्षं भांडलो होतो. ज्याच्याशी आपण कधी भांडलोच नाही, त्याच्याबद्दल काहीही सांगितलं तरी खरं वाटतं.

भाभीचं आता वय झालंय. गुडघे दुखतात. पण ग्रामसभा चुकवत नाही, पुढच्या सतरंजीवर बसते. २०२४च्या २ ऑक्टोबरला आम्ही दोघे गेलो होतो. पहिला विषय नेहमीचाच, मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणं. पूर्वी हे वाचन कुणी ऐकत नसे. भाऊसाहेब एका दमात म्हणून टाकत. त्या दिवशी भाभीची नात वाचत होती. कॉलेजात जाते, आवाज खणखणीत. ती पाणीवाटपाच्या वेळेपर्यंत आली आणि वरच्या आळीतले एक तात्या हात वर करून उठले. "थांब बाळ. आमची येळ संध्याकाळी सहाची ठरली हुती. साडेसात न्हाई."

कुजबुज झाली. रजिस्टर मागं-पुढं चाळलं गेलं. तात्यांचं बरोबर निघालं. अधिकाऱ्यांनी चुकलेली ओळ खोडली, शेजारी दुरुस्ती केली, आणि पोरीनं तो परिच्छेद पुन्हा पहिल्यापासून वाचला.

सभा संपल्यावर सहीसाठी रजिस्टर माझ्यापुढं आलं. मी पेनाचं टोपण काढलं. भाभी शेजारून म्हणाली, "पढ्या क्या?"

मी पान मागं उलटलं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो. पाठीमागं रांग खोळंबली होती. कुणीतरी म्हणालं, "काका, आटपा की."